शून्य पूर्णांक चार टक्के

निरवाडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात शालन वाघचौरे अठरा वर्षं ऑपरेटर होती. नदीचं गढूळ पाणी आत घ्यायचं, त्यात तुरटी सोडायची, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी क्लोरीन घालून गावाला पाठवायचं, हे तिचं काम. दर दोन महिन्यांनी गाळाची टाकी धुण्यासाठी रिकामी करावी लागे. जूनमधल्या एका रविवारी ती टाकी रिकामी होत असताना दहावीत गेलेली तिची मुलगी दुर्वा दिवसभर कठड्यावर बसून होती आणि दर पंधरा मिनिटांनी टाकीच्या भिंतीवर खडूनं पाण्याची खूण करत होती.

"आई, इकडे बघ," दुर्वा म्हणाली. "वरची अर्धी टाकी दीड तासात उतरली. खालची अर्धी उतरायला साडेतीन तास लागले. व्हॉल्व तोच, पाईप तोच."

"पाणी उतरलं की जोर उतरतो."

"ते कळलं गं. पण किती उतरतो? शाळेच्या गणितात टाकी कायम एकाच वेगानं रिकामी होते. मग ते गणित खोटं का?"

शालनला हसू आलं. अठरा वर्षं ती या टाकीशेजारी उभी होती, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. "मला नाही येत बाई. पाटीला विचार."

पाटी म्हणजे शाळेनं दिलेला पातळ पडदा. पुस्तकं छापणं बंद झालं त्याला आता सात वर्षं झाली होती. प्रत्येक मुलाला एक पाटी, आणि पाटीत 'सोबती' नावाचा यंत्रगुरू. दुर्वानं प्रश्न विचारला. पाटीवर एक हत्ती आला, बादलीत सोंड बुडवून म्हणाला, "वा दुर्वा, छान प्रश्न! चल, तीन बादल्या पाणी मोजू या."

"हे मला पाचवीत दाखवलं होतं," दुर्वा म्हणाली आणि तिनं पाटी पालथी ठेवली.

शालनला ते खटकलं, पण यंत्राची काहीतरी चूक असेल असं तिला वाटलं. दुर्वाला दहावीनंतर पाणीपुरवठ्याच्या पदविकेला जायचं होतं. त्यासाठी उपयोजित गणिताचा वरचा पेपर द्यावा लागे. व्यवहारातल्या खऱ्या गोष्टी गणितानं कशा पकडायच्या, वेग बदलत असेल तर काय करायचं, कमीत कमी सामानात जास्तीत जास्त काम कसं साधायचं, असं सगळं त्यात होतं. तेव्हा अभ्यासाचं साहित्य आईनंच शोधायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं स्वतःच्या फोनवर शोध घेतला: दहावी, उपयोजित गणित, वरचा पेपर.

फोननं लिंबू सरबताचं प्रमाण शिकवणारी चित्रफीत दाखवली. तिच्याखाली बाजारहाटाची बेरीज. तिच्याखाली रांगोळीतली सममिती. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'आपल्या पाल्यासाठी निवडलेले.'

"माझ्या फोनवर पण?" शालन मोठ्यानं म्हणाली.

नगर वाचनालयातही तेच झालं. कपाटांच्या जागी पडदे होते आणि पडदा आधी पाल्याचा क्रमांक मागत होता. क्रमांक दिला की हत्ती येई. ग्रंथपालानं खांदे उडवले. "ताणमुक्ती कायदा आहे ताई. घरातल्या एका मुलाचा पल्ला, म्हणजे त्यानं कुठवर शिकायचं ते, ठरला, की सगळ्या घराला तोच लागतो. मुलानं आईच्या फोनवरून जास्तीचं वाचून डोक्याला ताप करून घेऊ नये म्हणून."

"आणि मला स्वतःला वाचायचं असेल तर?"

"तुमचं पाल्य अठरा वर्षांचं झालं की उघडेल."

शालन तिथून सरळ शाळेसमोरच्या डॉक्टर जोगळेकरांकडे गेली. त्यांची सान्वी दुर्वाच्या वर्गात, एकाच बाकावरची. सान्वीनं भाबडेपणानं आपली पाटी दाखवली. टाकीचाच प्रश्न विचारला तर सान्वीच्या पाटीवर वक्र उमटला, उताराचं सूत्र आलं, पाण्याची पातळी आणि वेग यांचं नातं आलं, पाठोपाठ वीस उदाहरणं आली. तीच शाळा, तोच बाक, तोच प्रश्न. शालननं वाकून नीट बघायला डोळे जवळ नेले, तशी पाटी काळी झाली. परक्या डोळ्यांना ती उघडत नसे.

"काकू, मी वहीत उतरवून देऊ?" सान्वीनं विचारलं.

तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. चांगली बाई होती, पण तिनं सान्वीच्या खांद्यावर हात ठेवला. "शालनताई, राग मानू नका. ती हातानं काय लिहिते तेही सोबती बघतो. विनाकारण हिचा पल्ला खाली यायचा."

घरी आल्या आल्या शालननं सगळं सांगून टाकलं.

तिचा नवरा दशरथ एसटीची विजेवरची बस चालवायचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग बिघडलं काय? पोरगी हसतेय, खेळतेय, झोपतेय. तिला झेपेल तेवढं मिळतंय."

"झेपेल तेवढं कोण ठरवणार?"

"कोणीतरी ठरवायलाच पाहिजे, शालन." दशरथ एवढंच बोलला आणि उठून गेला. शालनला पुढचं ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ संजय बारावीच्या निकालादिवशी घरातून गेला तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडला. संजूला गणितात चार गुण कमी पडले होते. त्या घरात परीक्षा हा शब्द पुढची वीस वर्षं कोणी मोठ्यानं उच्चारू दिला नाही. ताणमुक्ती कायदा आला त्या दिवशी दशरथनं डेपोत पेढे वाटले होते.

म्हणून पुढची पायरी शालन त्याला न सांगता चढली. ती शेख मॅडमकडे गेली.

तहसीन शेख तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांच्या घरात कोणी विद्यार्थी नव्हता, त्यामुळे घरावर पल्लाही नव्हता.

"यंत्र वाईट नाही, शालन," त्या म्हणाल्या. "ते आधी समजून घे. सोबती पोराचे डोळे बघतो. नजर कुठल्या शब्दावर अडली, बोट पाटीवर किती जोरानं टेकलं, प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये किती सेकंद गेले, सगळं टिपतो. त्यावरून पोराला काय येतं, काय उद्या विसरणार आहे, हे तो ओळखतो. सुरुवातीला मीच त्याचं कौतुक केलं होतं. वाचता न येणारी पोरं सहा महिन्यांत वाचायला लागली. पण नंतर त्याच मापांवरून त्यांनी पल्ला काढायला सुरुवात केली. पोराची धाव कुठवर जाईल ते चौथीतच ठरवायचं, आणि कायद्यानं त्याच्या पलीकडचं झाकून टाकायचं."

"आणि अंदाज चुकला तर?"

"तो चुकूच शकत नाही, हीच तर गोम आहे. तू पोराला फक्त सोपं दाखवलंस की ते सोप्याचीच उत्तरं देणार. ती उत्तरं बघून यंत्र म्हणणार, बघा, मी म्हणालो नव्हतो? रोपाला कुंडीत लावायचं आणि वर्षानं मोजून सांगायचं, की हे झाड नव्हेच, हे कुंडीतलंच आहे. दुर्वाचा पल्ला किती?"

"तीन. सातातला तीन."

"कशावरून?"

शालननं शाळेतून आणलेला अहवाल पुढे केला. त्यात एकच शेरा दर वर्षी होता: 'प्रश्नानंतर दीर्घ विराम. गोंधळ.'

शेख मॅडमनी चष्मा काढला आणि पुसला. मग त्यांनी शालनला माडीवर नेलं. दोन लोखंडी ट्रंका होत्या. अकरावी-बारावीची जुनी छापील पाठ्यपुस्तकं, तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाचं व्यावहारिक गणित, बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चौदा वह्या. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत.

"ने. आणि पोरीला रोज पाचला माझ्याकडे पाठव. पण एक गोष्ट तुला सांगते, नंतर म्हणशील सांगितलं नाही. शिकून उपयोग व्हायचा तर वरचा पेपर द्यावा लागेल. पल्ला तीनच्या मुलीला तो देता येत नाही. फक्त नियम चौदाखाली, आव्हान परीक्षा म्हणून. पालकांची दोघांची सही लागते. आणि नापास झाली तर पल्ला दोन वर्षं गोठतो."

दोघांची सही. शालन ट्रंकेच्या कडीला धरून उभी राहिली.

सहा महिने दुर्वा शेख मॅडमकडे जात राहिली. घरी सांगितलं होतं, की बाईंचे गुडघे दुखतात, त्यांना हाताशी कोणी हवं असतं. ते अर्धं खरंही होतं. दुर्वा पाणी भरून द्यायची, मग दोघी पुस्तक उघडायच्या. ऑक्टोबरपर्यंत पोरगी बदलत्या वेगाची गणितं सोडवायला लागली. डिसेंबरात तिनं केंद्रातल्या तुरटीच्या नोंदी घेतल्या आणि पाण्याच्या गढूळपणावरून किती तुरटी लागेल याचा आलेख काढून दिला. शालननं तो पंपघरात चिकटवला. मुख्य अभियंत्यानं विचारलं, "कुणी काढला?" शालन म्हणाली, "पल्ला तीननं." त्याला काही कळलं नाही.

जानेवारीत आव्हान परीक्षेचा अर्ज आला आणि लपवालपवी संपली.

दशरथनं अर्ज वाचला. "सहा महिने माझ्याशी खोटं बोललात? दोघी?"

"बाबा, मला येतं ते," दुर्वा म्हणाली.

"संजूलाही येत होतं." तो खुर्चीत बसला. "तुला नाही माहीत. माझ्या आईनं ती मार्कलिस्ट कितीतरी वर्षं उशीखाली ठेवली होती. मी नाही सही करणार."

शालनला वाटलं होतं, आपण ओरडू. पण ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "अहो, भाऊजींना कोणी मारलं? गणितानं? का चार गुणांवरून त्यांची किंमत ठरवणाऱ्यांनी? तेव्हा निकालादिवशी ठरवायचे. आता चौथीतच ठरवतात, तेही पोरीला न सांगता. दार बंद केलंय आणि वर हत्तीचं चित्र लावलंय. एवढाच फरक."

दशरथनं दोन दिवस अर्जाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ड्युटीवरून आला तो दुर्वाला म्हणाला, "मला एक गणित सोडवून दाखव. मला कळलं नाही तरी चालेल." तिनं दाखवलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं पेन मागितलं. सही करताना म्हणाला, "नापास झालीस तरी संध्याकाळी घरी जेवायला यायचं. एवढं वचन दे."

"दिलं," दुर्वा म्हणाली.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या गावी परीक्षा झाली. पाट्या बाहेर ठेवून, कागदावर, तीन तास. दुर्वा बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई होती आणि ती भुकेनं कासावीस झाली होती. "एक गणित राहिलं," एवढंच म्हणाली आणि तिनं तीन वडापाव खाल्ले.

मे महिन्यात निकाल आला. शालननं तो दोनदा वाचला, मग दशरथला वाचायला दिला, कारण तिला वाटलं आपल्याला समजत नाहीये.

'प्राप्त गुण: शंभरपैकी एक्क्याऐंशी. पल्ला तीनमधील विद्यार्थ्याने वरच्या पेपरात उत्तीर्ण होण्याची शक्यता शून्य पूर्णांक चार टक्के आहे. सबब सदर निकाल असंभाव्य ठरवून, गैरप्रकार गृहीत धरून, राखून ठेवण्यात येत आहे. सुनावणीसाठी अर्ज करता येईल.'

"म्हणजे काय?" दशरथनं विचारलं.

"म्हणजे नापास झाली असती तर खरी होती," शालन म्हणाली. "पास झाली म्हणून चोर." "कोणाची कॉपी केली? कुठे केली? कोणी बघितलं? काही नाही. नुसती शक्यता नाही म्हणून चोर!"

दुर्वानं ते पत्र घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. शालन दाराशी उभी राहिली, दशरथही. दोघांच्या मनात एकच विहीर होती. पंधरा मिनिटांनी दुर्वा बाहेर आली ती हातात कागद घेऊन.

"आई, आव्हान परीक्षेला राज्यातून किती जण बसले होते? पल्ला तीनचे?"

"वर्तमानपत्रात आलं होतं. चाळीस हजार."

"मग सुनावणीला जायचं," दुर्वा म्हणाली.

सुनावणी मूल्यमापन मंडळाच्या विभागीय कार्यालयात होती. अधिकारी होते आचरेकर साहेब. पन्नाशीचे, सौम्य बोलणारे, टेबलावर स्वतःची पाटी उभी करून बसलेले. शालन, दशरथ आणि दुर्वा समोरच्या बाकावर बसले. शेख मॅडम काठी टेकत आल्या होत्या, पण त्यांना बाहेरच थांबवलं.

"ताई, भावना मी समजू शकतो," आचरेकर म्हणाले. "पण सोबती शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर असतो. शून्य पूर्णांक चार म्हणजे अडीचशेत एक. एवढा योगायोग मंडळानं कसा मान्य करायचा?"

शालन बोलणार तोच दुर्वानं तिच्या हातावर हात ठेवला. "साहेब, अडीचशेत एक, बरोबर? चाळीस हजार बसले होते. चाळीस हजाराला अडीचशेनं भागा."

आचरेकर थांबले. "एकशे साठ."

"म्हणजे तुमच्याच यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे एकशे साठ मुलं प्रामाणिकपणे पास व्हायला हवीत. कोण ते आधी सांगता येणार नाही, पण एवढी होणारच. त्यातली किती तुम्ही पास केलीत?"

आचरेकरांनी पाटीवर बोटं फिरवली.

"सांगा की साहेब," शालन म्हणाली.

"एकही नाही. उत्तीर्ण झालेले सगळे निकाल राखीव आहेत."

"सगळे किती?"

"सहाशे अकरा."

दुर्वानं श्वास घेतला. "तुमच्या अंदाजाच्या जवळजवळ चौपट. मग अंदाज चुकलाय असं नाही वाटत तुम्हाला?"

"किंवा साडेचारशेंनी कॉपी केलीय असंही होऊ शकतं," आचरेकर म्हणाले, पण आवाजात मघाचा सौम्यपणा नव्हता.

"मग विचारा ना मला. आत्ता, इथे. कुठलंही."

आचरेकरांनी क्षणभर विचार केला. त्यांनी पाटीतून एक प्रश्न निवडून वाचला. "बारा सेंटिमीटर बाजूचा चौरस पत्रा आहे. चारी कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे आणि कडा दुमडून वर उघडा डबा करायचा. डब्यात जास्तीत जास्त मावावं, तर किती सेंटिमीटरचा चौरस कापायचा?"

दुर्वानं खिडकीकडे बघितलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. दहा सेकंद, वीस, तीस. दशरथनं बाकाची कड घट्ट धरली. टेबलावरची पाटी गोड आवाजात बोलली, "विद्यार्थिनी गोंधळलेली आहे. सोपा प्रश्न द्यावा का?"

"गप्प बस!" शालन यंत्रावर ओरडली. कार्यालयाच्या व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले.

"दोन," दुर्वा म्हणाली. "दोन सेंटिमीटर. डब्यात एकशे अठ्ठावीस घन सेंटिमीटर मावतं."

उत्तर बरोबर होतं. आचरेकर म्हणाले, "मग एवढा वेळ का लागला?"

"उत्तर दहा सेकंदांत आलं होतं. बदलाचा वेग शून्य कुठे होतो ते काढलं. मग दुसऱ्या वाटेनं तेच येतं का ते बघत होते. कापलेला तुकडा चौपट करून घेतला, तर तो आणि तळाच्या दोन बाजू मिळून बेरीज कायम चोवीस राहते. बेरीज ठरलेली असली की तीन आकड्यांचा गुणाकार ते सारखे असताना सर्वांत मोठा होतो. म्हणजे प्रत्येकी आठ. आठाचा चौथा भाग दोन." ती थांबली. "मी नेहमी दोनदा बघते. शाळेत पण."

'दीर्घ विराम. गोंधळ.' सहा वर्षांचे शेरे शालनच्या डोळ्यांसमोरून सरकले. पोरगी ताळा पाहत होती आणि ते तिला ढ ठरवत होते.

आचरेकरांनी एक कागद पुढे सरकवला. "हा निकाल मी मोकळा करतो. अपवाद म्हणून. पदविकेच्या प्रवेशाची मुदत उद्या संपतेय, त्यात तिचं होऊन जाईल. फक्त सुनावणीतली माहिती गोपनीय राहील, अशी दोघांनी सही करायची."

"म्हणजे सहाशे अकरा हा आकडा कुणाला सांगायचा नाही?" शालननं विचारलं.

"तो तुमच्या अर्जाचा विषय नाही, ताई."

शालननं पेन उचललं. तिला ती सही करायची होती. पोरीचं वर्ष, पोरीचं स्वप्न, सगळं त्या एका रेघेपलीकडे होतं. तिनं दुर्वाकडे बघितलं. दुर्वाच्या डोळ्यांत पाणी होतं.

दशरथनं कागद आपल्याकडे ओढला. या माणसानं आयुष्यात कधी साध्या तिकीट तपासनीसाशी वाद घातला नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "आणखी सहाशे दहा घरांत हे पत्र गेलंय. त्यातल्या एखाद्या घरात आत्ता काय चाललं असेल ते मला माहीत आहे. तुम्हाला नाही." त्यानं कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "आम्ही नाही सही करत."

प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपली. दुर्वा दोन दिवस अंथरुणातून उठली नाही, आणि शालन दर तासाला काहीतरी निमित्त काढून खोलीत डोकावत राहिली. संध्याकाळी पोरगी जेवायला येत होती, एवढंच दशरथला पुरे होतं.

पण सहाशे अकरा हा आकडा आता बाहेर पडला होता. शेख मॅडमनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली. त्यातला एक वकील निघाला, एक वार्ताहर. दशरथनं प्रत्येक डेपोतल्या ड्रायव्हरला सांगितलं आणि गाड्यांबरोबर बातमी तालुक्या-तालुक्यात गेली. राखीव निकालाची पत्रं घेऊन आई-बाप पुढे यायला लागले. ते आजवर लाजेनं गप्प होते, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच पोर तेवढं चोर ठरलंय. न्यायालयानं सप्टेंबरात आदेश दिला: सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्या, समोरासमोर, आणि विचार करायला वेळ द्या.

परीक्षेच्या सभागृहाबाहेर शालनशेजारी एक बाई येऊन बसली. कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यातून आली होती, हातात डब्याची पिशवी. तिनं विचारलं, "तुमची पण मंद का?"

"हो," शालन म्हणाली. "आमची पण."

दोघी हसल्या, आणि हसता हसता त्या बाईनं पदर डोळ्यांना लावला.

सहाशे अकरापैकी पाचशे अडुसष्ट जण पास झाले. मंडळानं पत्रक काढलं, की या घटनेतून शिकून सोबती आता अधिक अचूक झाला आहे. मंडळानं माफी मागितली नाही. पल्ले उठवले नाहीत, आणि हत्ती होता तिथेच राहिला. शालननं ते पत्रक वाचलं आणि फाडून तुरटीच्या पोत्यांवर टाकलं. दुर्वा एक वर्ष उशिरा, पण पदविकेला गेली.

पुढच्या जूनमध्ये केंद्रात फोन वाजला. पलीकडचा आवाज सौम्य होता आणि जरा खाली आलेला.

"वाघचौरेताई, मी आचरेकर. मूल्यमापन मंडळ. हा फोन कार्यालयीन नाही." ते अडखळले. "माझ्या बहिणीची मुलगी दहावीला गेलीय. पल्ला तीन. वरच्या पेपरासाठी कुठेच काही मिळत नाहीये. तुमच्या दुर्वानं कुठली पुस्तकं वाचली होती, त्यांची यादी मिळेल का?"

शालनच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन आपटावा, असं तिला वाटलं. चोर म्हणणारा माणूस आज चोराकडे पुस्तकं मागत होता, आणि तेही दबक्या आवाजात, आपल्या एका घरापुरती. मग तिला ती भाची दिसली. कधी न पाहिलेली, हत्तीसमोर पाटी पालथी घालून बसलेली.

"सात पुस्तकं आहेत आणि चौदा वह्या," ती म्हणाली. "घ्या लिहून."

तिनं पहिल्या पुस्तकाचं नाव सांगितलं, ते कुणाकडे मिळेल तेही सांगितलं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला.

"हं, झालं. आणि दुसरं?"

"दुसरं उद्या. आधी हे पहिलं मोठ्या अक्षरात लिहून तुमच्या कार्यालयाच्या दारावर लावा, तुमच्या सहीनिशी. मी दहाच्या बसनं येते बघायला. दिसलं, तर दुसरं सांगीन."

पलीकडचं पेन थांबलं. शालननं फोन कानालाच धरून ठेवला. तिला घाई नव्हती.